व्यंकटराव सरांनी न उघडलेली अट

व्यंकटराव सर आमच्या मंडळाच्या वधूवर केंद्रात पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना दारातच उभं ठेवलं. नांदेडच्या कॉलेजातले सर येऊन सगळी स्थळं कॉम्प्युटरवर चढवणार, एवढंच ऐकलं होतं. यांच्या हातात मेथीची पिशवी. मला वाटलं, स्थळ बघायला आलेत. सर हसले, "मला पोरगी न्हाई, बाई. मशीन कुठाय?"

माझी शाळा सातवीपर्यंत. मशीन शिकताना मी चिडायचे, सर पुन्हा सांगायचे. जन्मतारखेशिवाय नोंद न्हाई, मुलगी अठराच्या आतली असली तर न्हाईच न्हाई. हे नियम त्यांनी माहिती साठते तिथंच, तळाला बसवले. कुठूनही भरा, अडणारच. मी म्हणलं, "त्यापरीस भिंतीला पाटी लावा की." सर म्हणाले, "पाटी असली तर लोक तुमच्या पाया पडतील, अन् तुम्ही विरघळाल." खोटं कशाला बोलू, विरघळले असते.

मग एकदा हदगावहून सरांच्या धाकट्या बहीण सुमनताई आल्या. सोबत लेक वैष्णवी, नुकती दहावी झालेली. पोरगी मान खाली घालून बसलेली. मी दाखल्यावरची तारीख टाकली. मशीननं नोंद घेतली न्हाई. ताईंनी आपल्या मोबाइलवरून भरून बघितलं, तिथंही तेच. "मागची तारीख टाका," म्हणाल्या. मी चिडखोर हाय, खोटारडी न्हाई. सरांना बोलावलं.

"दादा, तूच बनवलंस न्हवं? तूच उघड."

"उघडता येतं, सुमे. पण एकदा उघडलं की सगळ्यांसाठी उघडलं."

"भाचीसाठी एवढं व्हईना तुझ्याच्यानं?"

"भाचीसाठीच करून राहिलो."

ताई तरातरा निघून गेल्या. त्या वर्षी भाऊबीजेला ताईंनी सरांना ओवाळलं न्हाई. तरी सर हदगावला जात राहिले. बहीण पाणी विचारायची न्हाई. सर ओट्यावर बसून मेहुण्यांना समजवायचे. शेवटी पोरगी अकरावीला गेली.

आज वैष्णवी लातूरच्या दवाखान्यात नर्स आहे. परवा आईला घेऊन केंद्रात आली. माहिती तिनं स्वतः भरली, नवरा कसा हवा तेही. मशीननं मुकाट घेतली. सुमनताई मला म्हणाल्या, "दादाला फोन लावा. म्हणावं, सुमी आलीय."

सरांना आता साठावं लागलं. वयाच्या रकान्यात त्यांनी खालची हद्द घातली, वरची घातली न्हाई. देवानं त्यांच्याही वयाला ती घालू नये, गुडघे धड ठेवावेत. वैष्णवीच्या लग्नात मामांना उभं राहायचंय.