वडिलांच्या खोलीतला स्पीकर

कंपनीने माझ्या वडिलांना फसवलं. मला फसवलं असतं तर मी एवढा भडकलो नसतो. मला फसवायला येणारा सहसा स्वतःचंच काहीतरी सोडून जातो.

साकीनाक्याला माझं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप आहे. दिवसभर डोक्यात मशिनचा दणदणाट. म्हणून घाटकोपरला घर घेतलं तेव्हाच ठरवलं, इथे कानांना सुख हवं. वायफायवर चालणारे स्पीकर एकेक करून घेतले, दर वेळी दुकानदाराला रडकुंडीला आणून. पहिला वडिलांच्या खोलीत, मग हॉल, किचन, बेडरूम. मोबाइलवर एकदा बोट टेकवलं की सगळीकडे एकच गाणं, एकाच क्षणी. दात घासत बाथरूममधून गॅलरीपर्यंत आलो तरी ओळ तुटायची नाही. कितीतरी वर्षं एका शब्दाची तक्रार नव्हती. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम घरभर फिरवायचो.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा या स्पीकरांचं खरं मोल कळलं. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. गावी असो की मुंबईत, आरतीला झांज वडिलांचीच. आता त्यांना हॉलपर्यंत येता येत नव्हतं. म्हणून आम्ही रेकॉर्ड केलेली आरती सगळ्या खोल्यांत लावून तिच्यासोबत म्हणायला लागलो. आतून वडिलांची झांज अचूक तालावर यायची. आरती अजून तेच चालवत होते.

गेल्या गणपतीत, पहिल्याच दुपारी, मोबाइलवर कंपनीचा निरोप आला: नवी सुधारणा, मोफत. मी बोट टेकवलं. संध्याकाळी आरती सुरू झाली आणि वडिलांचा स्पीकर गप्प. तो वेगळा लावून दिला, तर अर्धी ओळ मागे. झांजही अर्धी ओळ मागे. हॉलमध्ये पोरं फिदीफिदी हसली.

वडिलांनी झांज पोटावर ठेवली. "उद्यापासून तू घे रे. माझो ताल सुटलो."

चूक आपलीच, असं त्यांना वाटलं.

"फुकट म्हटलं की तुमचं बोट आधी धावतं," बायको म्हणाली.

सकाळी स्पीकर काखेत मारून अंधेरीचं सर्व्हिस सेंटर गाठलं.

"सर, हे मॉडेल आता बंद झालंय," काउंटरवरचा म्हणाला.

"बंद? लाव बघू. वाजतंय की नाही?"

"वाजतंय, पण नव्यांबरोबर नाही चालणार."

"काल दुपारपर्यंत चालत होतं. मग काल दुपारचं परत दे."

"मागे नाही जाता येत, सर. नवीन घ्या ना, तुम्हाला मस्त डिस्काउंट देतो."

जन्मात पहिल्यांदा मी सवलत नाकारली. माझा आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला, पाणी विचारलं आणि तेच पुन्हा गोड आवाजात सांगितलं. मी स्पीकर उचलला.

घरी आल्यावर तो उलटा केला. मागे दुसऱ्या यंत्राचा आवाज वायरने आत घ्यायची जागा होती. हॉलमधल्याला आवाज वायरने बाहेर द्यायची. वर्कशॉपमधून वायर आणली, पॅसेजच्या कडेने ठोकत नेली, दरवाजाच्या चौकटीला भोक पाडलं. "नवीन रंग दिलाय हो!" बायको ओरडली. मी ड्रिल थांबवलं नाही.

संध्याकाळी झांज वडिलांच्या हातात दिली. ते घेईनात. "एकदाच," मी म्हटलं. आरती सुरू झाली. दोन्ही खोल्यांत एकच ओळ, एकाच क्षणी. पहिलं कडवं आम्ही नुसत्या टाळ्यांवर म्हटलं. मग झांज आली, खणखणीत, बरोबर तालावर. शेवटी तर त्यांनी लय अशी चढवली की आम्हीच मागे पडलो. आतून हाक आली, "पोरांनो, जेवलात नाय काय रे?"

मी जिंकलो. ती वायर आजही पॅसेजमध्ये उघडी दिसते. पाहुण्यांना मी आता तीच दाखवतो.

पण वडिलांनी झांज पोटावर ठेवली ती पहिली संध्याकाळ राहिलीच. मला कूपन नको, माफीचं पत्र नको. ज्याने कुठल्यातरी एसी ऑफिसात बसून हे ठरवलं, त्याने घाटकोपरला यावं, माझ्या वडिलांच्या खाटेशी उभं राहावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं: तुमचा ताल सुटला नव्हता, आम्ही तोडला. कधी येताय, बोला.