पितळी पातेल्यातलं केळ्याचं दही

मी लग्न होऊन डोंगरकड्याला आले तेव्हा राज्य निजामाचं होतं, आणि स्वयंपाकघरात ते माझं व्हावं अशी मला घाई होती. एका उन्हाळ्यात पुसेगावहून सासऱ्यांची बहीण आली. आत्याबाईंकडून शाबासकी मिळवायला मी दह्यात केळी कुस्करली, गूळ घालून रवीनं घुसळलं. मडक्यात ते शोभेना, म्हणून सकाळीच चकचकीत पितळी पातेल्यात ओतून ठेवलं. आतली कल्हई कधीच उडाली होती, पण अक्कलवान सुनेनं बाहेरची चकाकीच पाहिली.

दुपारी कडेला हिरवट तवंग आला होता आणि काळी पडलेली केळी शेंबडासारखी लोंबत होती. तरी मी वाढलं.

आत्याबाईंनी नुसता वास घेतला. "सूनबाई, हे पितळेत कळकलं की वं."

"न्हाई आत्याबाई, केळ्याचा रंगच तसा हाय."

"व्हय? मग तूच पी आधी."

आता माघार कशी घ्यायची? मी अख्खा पेला रिचवला. जिभेवर पितळेची कडू चव, घशात बुळबुळीत गोळा.

"कसं लागून राहिलं?"

"ग्वाड."

"मग माझाबी घे," म्हणत त्यांनी आपला पेला सरकवला.

तोही प्याले. गोठ्यापर्यंत पोचले एवढंच नशीब. तिथं मी जे ओकले, ते पाहून म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं.