ओळ संपल्यावरचा थांबा

दर रविवारी संध्याकाळी आमच्या बोथ गावच्या विहारात माझे पती बुद्धवंदना सांगत. त्यांनी एक ओळ म्हणायची, मग बसलेल्या सगळ्यांनी ती म्हणायची. निवृत्तीनंतर शाळा सुटली होती. गुरुजीपण म्हणून त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं.

पुढे पुढे लोकांची ओळ पुरी व्हायच्या आतच ते पुढची ओळ घेऊ लागले. दोन्ही आवाज एकमेकांत अडकायचे.

त्यांच्या वयाचे एक मित्र चपला घालताना तोडून बोलले, "आमचा आवाज गोड नाही लागत का रे तुले? लई मोठा झाला तू." कॉलेजातल्या पोरांना गंमत वाटली. "आजोबा, नागपूरची गाडी सुटून राह्यली का?" मला वाटलं, त्यांचं मन लागत नसेल. ते सगळ्यांकडे बघून नुसते हसले.

आमची लहान नात मात्र जेवताना सहज म्हणाली, "आजोबाले ऐकू नाही येत. ते आपल्या तोंडाकडं पाह्यते." आजोबांचे केस पांढरे, तसंच हेही, असा तिचा सूर होता.

आदिलाबादहून कानाचं यंत्र आणलं. विहारात त्यातून पंख्याचीच घरघर जास्त यायची. त्यांनी ते डबीत घालून ठेवलं.

"आता दुसऱ्याले सांगू दे वंदना," ते म्हणाले.

"हा एक रविवार सांगा," मी म्हटलं.

त्या रविवारी मी बायकांची मागची रांग सोडून अगदी त्यांच्या समोर बसले. सगळ्यांची ओळ संपली की मी ओठ मिटत होते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. ओठ मिटलेले दिसले, तशी त्यांनी पुढची ओळ घेतली. आम्ही काही ठरवलं नव्हतं, नंतर त्याबद्दल बोललोही नाही. मित्र म्हणाले, "आला जमिनीवर." पोरं म्हणाली, "गाडी आता टाइमावर हाय." शेवटच्या आजारापर्यंत वंदना त्यांच्याकडेच राहिली.

ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला एका तरुणाने वंदना सांगितली. आवाज मोकळा, कान तीक्ष्ण. डोळे मिटून सांगत होता.

मी अजून पुढेच बसते. शेजारीण म्हणते, "मागं या ना बाई, भिंतीले टेकता येते."

"राहू द्या," मी म्हणते. ओळ संपते. मी ओठ मिटते, आणि समोर पाहते.