नातूसाहेबांची शांतीची चिलीम

आखातात, अल् घुब्रातल्या नातूसाहेबांच्या फ्लॅटवर चहा मिळायच्या आधी भिंतीवरची चिलीम बघावी लागे. हातभर लांब, पिसं लावलेली. अमेरिकेतले आदिवासी तह करताना ती ओढतात, हे साहेब सांगायचे. ती तिथल्या विमानतळावरच्या दुकानातून घेतली, हे नातूवहिनी सांगायच्या.

"चिलीम काय म्हणतोस? कालुमेट! पोलिशमध्ये हाच शब्द, इंडोनेशियनमध्येही हाच!" आमच्या अल् खुवैरच्या ऑफिसात एक पोलिश आणि एक इंडोनेशियन इंजिनियर होते. दोघांनीही तो ऐकला नव्हता. साहेबांनी दोघांना आपापली भाषा सुधारायला सांगितलं.

आमच्या मराठी मंडळात कुणा दोघांचं बिनसलं की साहेब त्यांना घरी बोलावत आणि चिलीम हातात देत. "धरा. खलास! भांडण संपलं." ओढायची नाही, वहिनींना धूर चालत नसे. चहाच्या आशेनं माणसं मुकाट धरत.

मालवणचा घाडी सोहारच्या कारखान्यात सुतार होता. दरवर्षी रजा काढून आमच्या गणपतीचं मखर करायला यायचा, उतरायचा साहेबांकडेच. त्याच्यावर त्यांचा फार जीव. एका वर्षी साहेबांनी विश्वशांतीचा देखावा म्हणून चिलीम गणपतीपुढे मांडली. घाडीनं ती उचलून बाजूला ठेवली. "देवाफुडे तंबाकूची वस्तू नको, सायबानू." साहेबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तेही शांतीच्या चिलमीवरून!

निवृत्त होऊन साहेब पुण्याला निघाले, तेव्हा घाडी न बोलावता आला आणि चिलमीसाठी लाकडी खोकं ठोकायला बसला. साहेब मला म्हणाले, "त्याला सांग, खिळे सरळ मार."

काम झाल्यावर घाडी म्हणाला, "सायबानू, आता तरी बोला."

"चिलीम धरल्याशिवाय समेट नाही, असं सांग त्याला. आणि ती आता आत गेली."

घाडी लगेच खोकं उघडायला लागला, तर साहेब मला म्हणाले, "राहू दे. कार्गोवाला खाली थांबलाय."

पुढच्याच वर्षी ते अंथरुणाला खिळले. मी पुण्याला भेटायला गेलो, तर खोकं पलंगाखाली तसंच. "उघडू का?" म्हटलं. "नको. घाडीनं ठोकलंय, तोच येऊन उघडेल." मी घाडीला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी तोंड फिरवलं. मरणाच्या दारातल्या माणसाचा राग येऊ नये, पण मला आला. अजून येतो.

घाडीला रजा मिळाली ती साहेब गेल्यावर, तेराव्यापुरती. त्यानं खोकं उघडलं, चिलीम दोन्ही हातांनी धरली आणि दुसरं टोक फोटोला टेकवलं.

"खलास, सायबानू," तो म्हणाला.

मग वहिनींनी त्याला चहा दिला.