चाकातली हवा

परवा सांगलीत लेकीच्या स्कूटरचा ब्रेक दाखवायला गेले होते. मेकॅनिकनं ब्रेक ऑइलची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मी थेट आष्ट्याच्या रस्त्यावर जाऊन पोचले.

तेव्हा मी नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. स्कूटरवर मागे माझे वडील, अण्णा. पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, तर लोण्यात बोट जावं तसा तो मुठीला टेकला. मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली. आष्ट्याच्या रफीकभाई मिस्त्रींना फोन केला.

"ताई, ब्रेकात हवा शिरलीया. ती काढल्याबिगर जाऊ नगा."

"अण्णा, हवा शिरलीय म्हणं," मी म्हणाले. "उशीर हुतोय. मागच्या ब्रेकवर जाऊया हळूहळू."

अण्णा गाडीवरनं उतरले. खाली वाकले आणि काडीनं पुढच्या चाकाची हवा सोडून दिली.

"आवं अण्णा, चाकातली न्हाई, ब्रेकातली!"

"व्हय का?" एवढंच म्हणाले आणि गाडी ढकलायला लागले.

रफीकभाई पोट धरून हसले. मुलाखत हुकली. मी आठवडाभर अण्णांशी बोलले नाही.

परवा मेकॅनिकनं नळीतून बुडबुडे काढले. ब्रेक दगडासारखा कडक लागला, तेव्हा कुठं मला हायसं वाटलं. लेकीच्या हातात किल्ली देताना एकदम आठवलं, अण्णांनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. त्याचे ब्रेक ते स्वतःच खोलायचे.