आडनाव सांगा, जागा सांगतो

हात पाठीमागे बांधलेले. कंबरेला दोर. पायाचे पंजे कड्याच्या शेवटच्या दगडावर, आणि छातीपुढे नुसती हवा. मागून गाइडचा आवाज आला, "सर, अजून थोडे पुढे झुका. फोटोत दरी येत नाहीये."

मी झुकलो.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला शूर समजायची चूक तुमच्याकडून होणार नाही. मी झुकलो, आणि वर विचारलंही, "आता येते का?" मागे आमच्या शाळेचा सगळा स्टाफ खो खो हसला.

मी मराठीचा मास्तर. मूळचा जानेफळच्या बाजूचा, नोकरीने संग्रामपूरकडे येऊन पडलो, त्याला बावीस वर्षं झाली. शाळेचं नाव सांगत नाही. गडाचंही नाही. केस चालू आहे. माझं आडनावही सांगत नाही, पण त्याचं कारण केस नाही. आडनाव कळलं की तुम्हीही तेच कराल जे त्या दिवशी गाइडने केलं. मला एक जागा द्याल आणि मगच पुढचं वाचाल. आता वाचा तसेच, चाचपडत.

गोष्टी सांगायचा मला रोग आहे. गॅदरिंगची नाटकं मी बसवतो. स्टाफरूममध्ये साहेबांची नक्कल करतो, बायकोची करतो, मेलेल्या माणसाचीसुद्धा करतो, आणि त्याच्या घरचे हसून पाणी प्यायला मागतात. नवा माणूस आला की पहिल्या दोन मिनिटांत त्याला हसवायचं. हसणाऱ्या माणसाला समोरच्याचं आडनाव विचारायचं सुचत नाही. ही माझी युक्ती. सहा वर्षांचा असताना शाळेत पाण्याच्या माठापाशी एकदा कानफटात बसली, तेव्हापासूनची. बावीस वर्षं नोकरीत ती बिनतोड चालली.

जानेवारीत स्टाफची सहल ठरली. हेडसरांनी ठरवली. सातपुड्याच्या सोंडेवर एक जुना गड आहे. वर दोन दरवाजे, एक सदर, तीन पडके महाल आणि मागच्या अंगाला उभा कडा. गडाच्या मालकाचा पुतण्या पुण्यात शिकून परतला होता. वय तिशीचं, दाढी कोरलेली, पायात गुडघ्यापर्यंत बूट. तोच आमचा गाइड. लोकांना पायी गड फिरवायचा. नुसतं दाखवायचा नाही, त्याच्या शब्दांत सांगायचं तर 'जगवायचा'. पहिल्या दरवाज्यासमोर त्याने आम्हाला अर्धगोलात उभं केलं आणि खेळ समजावून सांगितला.

"आडनाव सांगा, मी जागा सांगतो. तीनशे वर्षांपूर्वी तुम्ही इथे जिथे असला असता, तिथेच आज उभं राहायचं."

लोकांना केवढी मजा आली म्हणून सांगू. हेडसरांना गादी मिळाली. जरीचा फेटा मिळाला. गणिताचे सर शिलेदार झाले, त्यांना पत्र्याची तलवार. हे गणिताचे सर म्हणजे माझे दोस्त. अठरा वर्षं आम्ही समोरासमोर बसून डबा खाल्लेला. त्यांच्या बायकोच्या हातचं वांग्याचं भरीत मी माझ्या बायकोसमोर नावाजतो आणि मार खाता खाता वाचतो. विज्ञानाच्या मॅडम, शाळेत नुकत्याच लागलेल्या, त्यांना झरोक्याची जागा मिळाली. त्या म्हणाल्या मी आपली मोबाइलवर शूटिंग करते. हेडसरांनीही लगेच हो म्हटलं. आठवण राहील म्हणाले.

माझी पाळी आली. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं आणि कमरेत वाकून असा काही मुजरा केला की टाळ्या पडल्या. गाइडही हसला. पण पोरगा हुशार.

"आणि आडनाव?"

मी दुसरा विनोद काढला. तो हसला नाही. तिसरा काढणार तेवढ्यात हेडसर म्हणाले, "अहो, लाजता काय त्यात?" आणि त्यांनीच ते सांगितलं. मोठ्याने. वर माझ्या पाठीवर थोपटलं.

गाइडचा चेहरा उजळला. आता त्याचा दरबार पूर्ण झाला होता. इतका वेळ त्याला तेवढंच एक पात्र कमी पडत होतं. तो म्हणाला, नियमाने तुमची जागा दरवाज्याबाहेर, पण आज आपण आत घेऊ, फक्त जोडे डोक्यावर घ्यायचे. तुमची माणसं तशीच यायची. आणि बोला तुमच्या भाषेत, ते खरं वाटतं.

नवे कोरे स्पोर्ट्स बूट होते माझे. मी ते काढले. डोक्यावर ठेवले. आणि पुढचं लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहितो. मी नाचलो. कोणी सांगितलं नव्हतं. बूट डोक्यावर तोलत, कंबर हलवत, "जोहार मायबाप, पायतनं वर, डोकं खाली" असं काहीतरी तिथल्या तिथे जुळवून गात मी त्या दरवाज्यातून आत गेलो. दगड टोचत होते. लोक वेडे झाले हसून. गणिताच्या सरांना उभं राहवेना, ते तलवारीवर टेकले. मला वाटलं, जिंकली बाजी. त्यांनी मला हसायच्या आधी मीच स्वतःला हसलो. अपमान हवेत विरला.

विरत नसतो. पुढच्या महालात वाट पाहत बसतो.

सदरेवर हेडसर गादीवर बसले. भिंतीला एक चाबूक टांगला होता. खरा, कातड्याचा, घामाने काळा पडलेला. गाइडने तो उतरवून हेडसरांच्या हातात दिला आणि सांगितलं की सावली पडली म्हणून इथे फटके मिळायचे. मला गुडघ्यावर बसवलं. नव्हे, मीच बसलो. आधी थरथर कापायचा अभिनय केला, मग पुढे रांगत गेलो.

पहिला फटका लुटुपुटूचा होता. मी असा काही ओरडलो की छपराची पाखरं उडाली. टाळ्या.

दुसरा खरा होता. का, ते मला आजही माहीत नाही. बहुतेक हाताला चव लागली असावी. शर्ट खांद्यापासून कंबरेपर्यंत उसवला आणि पाठीवर कोणीतरी उकळतं तेल ओतलं असं वाटलं. मी ओरडलो. हे ओरडणं माझं नव्हतं. मी आयुष्यात इतकी पात्रं रंगवली, पण असा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. जनावराचा आवाज.

त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांना लागलंय." हेडसर गादीवरून म्हणाले, "अहो, ॲक्टिंग हाय ती. गॅदरिंगमधी पाह्यलं नाही काय त्यायले?"

बघा मजा. बावीस वर्षं खपून जी कीर्ती मिळवली, तिनेच मला तिथे पुरलं. आता मी रडलो असतो तरी ती ॲक्टिंगच. मेलो असतो तरी कोणीतरी म्हणालं असतं, काय पडला, वा. तिसरा फटका पडला. चौथा पडला. मी ओरडत राहिलो, ते हसत राहिले. आणि खरं सांगतो, मीही मधूनच हसत होतो. तोंडाला सवय.

मग कडा.

गाइडने माझे हात मागे बांधले आणि कंबरेला दोर बांधला. एक टोक त्याच्या हातात, एक गणिताच्या सरांच्या. त्याने कड्याची गोष्ट सांगितली. इथून माणसं ढकलायचे. कोणाला? राजवाड्याच्या विहिरीला हात लावणाऱ्याला. झरोक्याकडे मान वर करणाऱ्याला. तो अगदी रंगवून सांगत होता. सांगण्याची लकब माझ्यासारखीच, म्हणून मला आधी त्याचं कौतुकच वाटलं. खाली पडायला किती वेळ लागायचा, कोल्हे कुठल्या बाजूने यायचे, सगळं. मी मान न वळवता विचारलं की त्या माणसांची नावं काय होती. तो म्हणाला, "नावं कोण लिहून ठेवणार, सर?"

मग फोटो झाला, तो तुम्हाला सांगितला. मग तो म्हणाला, आता शेवटचं वाक्य. म्हणायचं, माझा गुन्हा कबूल, सरकार.

एवढंच. पाच-सात सेकंदांचं काम. बूट डोक्यावर घेऊन नाचणाऱ्याला ते काय जड होतं?

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. विनोदही आला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा आतली दुकानं बंद. खाली कोणाच्या तरी हरभऱ्याचं हिरवं वावर दिसत होतं, त्यात बाया वाकलेल्या, मुंगीएवढ्या. पाठीवरून काहीतरी कोमट खाली ओघळत होतं आणि पँटच्या पट्ट्याशी साचत होतं. माझा गुन्हा काय होता, मी शोधत होतो. खरोखर शोधत होतो, मूर्खासारखा.

"म्हणा ना, सर," गाइड म्हणाला.

मग हेडसर म्हणाले, "म्हन बे." आणि पुढे माझी जात. आडनाव नाही, जात. तीन अक्षरं, थुंकल्यासारखी. फेटा डोक्यावर असताना त्यांच्या तोंडात ती इतकी सहज आली की मला कळलं, ती तिथे रोज असते. स्टाफरूममध्ये माझ्या नकलेला हसताना दाताच्या मागे बसलेली असते.

आणि दोर सैल झाला. वीतभर. गंमत म्हणून. मी पुढे गेलो, पायाखालचा खडा सुटला आणि खाली गेलेला ऐकू आलाच नाही. दोर पुन्हा ताणला. मागे हसू.

मी म्हणालो, "नाही म्हनत."

"काय?"

"नाही म्हनत. मले मांगं घ्या."

त्यांनी मागे ओढलं. हात बांधलेलेच होते. हेडसर पुढे आले, हसत, माझा गालगुच्चा घ्यायला. मी डोकं मागे नेलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्यांच्या तोंडावर हाणलं. नाक फुटल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. जरीच्या फेट्यावर रक्त काय शोभून दिसलं. सभ्य माणसाने असं लिहू नये. मी लिहितो.

मग सगळेच माझ्यावर. गाइडचा बूट बरगडीत, एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं. चाबूक तोंडावर. खालचे दोन दात त्या कड्यावरच राहिले. मी गाइडचं मनगट दातांत धरलं आणि सोडलं नाही, उरलेल्या दातांनी. तो पुण्याची भाषा विसरला आणि आमच्यासारखा बोंबलायला लागला. माझे पाय कोणीतरी दाबून धरले होते. मान वळवून पाहिलं. गणिताचे सर. रडत होते आणि धरून होते.

पायाला हिसडा देऊन मी सुटलो आणि उठलो. गाइड कड्याकडे पाठ करून मनगट धरून उभा होता. मध्ये तीन पावलं. मला त्याला खांद्याने ढकलायचं होतं. माझ्यात चांगुलपणा उफाळून आला वगैरे काही नाही. तीन पावलांतली दोन मी टाकलीसुद्धा. तिसऱ्या पावलाला मध्ये विज्ञानाच्या मॅडम आल्या. मोबाइल समोर धरलेला.

"मी सगळं घेतलंय यात," त्या म्हणाल्या. "पहिल्या दरवाज्यापासून."

कोणाला म्हणाल्या, मला की त्यांना, तेव्हा कळलं नाही. पण सगळे थांबले. मीही.

फिर्याद मी त्याच संध्याकाळी दिली. ॲट्रॉसिटी लागली. त्यांनी माझ्यावर जिवे मारण्याच्या प्रयत्नाची दिली. संस्थेने मला निलंबित केलं. आठव्या दिवशी हेडसर घरी आले, नाकाला पट्टी, सोबत गणिताचे सर, हातात शाल आणि नारळ. म्हणाले दोघंही मागे घेऊ. निलंबन जाईल. फक्त एकदा स्टाफरूममध्ये तुम्ही सांगून टाका की नाटक जरा जास्त रंगलं.

"तुमाले सांगनं जमते," गणिताचे सर म्हणाले, खाली बघत. "तुमी सांगसान तं हासतीन सारे. मिटून जाईन."

तुम्हाला खरं सांगू? ती गोष्ट माझ्यापाशी तयार होती. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या बसवलेली. त्यात हेडसरांचं नाक, गाइडचं बोंबलणं, माझे दोन दात, सगळं होतं. तुम्ही पोट धरून हसला असता.

मी त्यांना चहा दिला आणि शाल परत दिली.

ते गेल्यावर बायको बोलली. मॅडमांनी पाठवलेला व्हिडिओ तिने माझ्या माघारी पाहिला होता. मारहाणीचं ती काही बोलली नाही.

"बूट डोक्यावर घिऊन तुमी काऊन नाचून राह्यले होते?"

चाबकाने झाला नव्हता एवढा आवाज त्या प्रश्नाने झाला. मी म्हणालो, मजाक होती. ती म्हणाली, "कोनाची?" आणि भाकरी थापायला आत गेली.

परवा वकिलांकडे गेलो. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाले, अडचण आहे. समोरचा वकील नाचणंच दाखवेल. म्हणेल, बघा, स्वतः मजा घेतोय, जबरदस्ती कुठे आहे. मॅडमांना सांगून सदरेपासून पुढचाच भाग देता येईल का, असं त्यांनी विचारलं. मॅडम नवीन नोकरी धोक्यात घालून साक्षीला उभ्या राहताहेत. त्यांना मी खोटं बोलायला लावणार नाही, हे एक. दुसरं माझं स्वतःचं.

मी वकिलांना म्हणालो, कापायचं नाही. सगळा लावा. कोर्टात माझी बायको असेल, गल्लीतले असतील, गणिताचे सर असतील, गाइड असेल. सगळ्यांदेखत मी बूट डोक्यावर घेऊन नाचताना दिसेन, आणि मी मान खाली घालणार नाही. समोरचा वकील विचारेल, तुम्ही हसत होतात ना? मी म्हणेन, हो. हसत होतो. भीती वाटत होती म्हणून. सहाव्या वर्षापासून वाटते आहे म्हणून. न हसलो तर काय होतं ते पुढच्या भागात आहे, तेही बघा.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी जाणार आहे.