एका बाहीचं झबलं

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर फिटर होतो. मशीन अडली तर कारण सापडतंच, नाही सापडलं तर आपणच नीट बघितलेलं नसतं… असं हाताखालच्यांना ऐकवायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही टेमघरला राहतो. माझी मुलगी सुजाता बाळंतपणाला घरी आली होती. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं, त्यामुळे या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं. तिला झोप म्हणून लागायची नाही. एक दिवस म्हणाली, "पप्पा, आजीची मशीन चालू करा ना. लहानपणी तिच्या आवाजात मला पटकन झोप यायची."

आजी म्हणजे माझी आई, मूळची दिघाशीची. अख्ख्या आळीची झबली-टोपडी तिने त्या पायमशीनवर शिवली, पण बाळ जन्मल्यावरच, आणि जुन्या लुगड्याचीच. "पोर हातात आल्याबिगर सुई लावाची न्हाय," असा तिचा दंडक. ती जाऊन अकरा वर्षं झाली. मशीन माळ्यावर गोधडीत गुंडाळून पडली होती.

खाली उतरवली. रॉकेलने धुतली, शटलमधला जुन्या दोऱ्याचा गुंता चिमट्याने काढला, पडघ्याच्या बाजारातून चामड्याचा पट्टा आणला. आठवडा गेला. खरं सांगायचं तर मजेत गेला, आमचे लूम भंगारात गेल्यापासून हाताला काम नव्हतं.

दुरुस्त केलेली मशीन आधी दोरा न घालता कागदावर चालवून बघतात. सुई नुसती भोकं पाडत जाते, टाका सरळ पडेल की नाही ते कळतं. जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं आणि बसलो. दुपारचे दोन-अडीच. नेमकी लाइट गेली आणि गल्लीतले सगळे लूम गप्प झाले. एवढी शांतता आमच्याकडे नसते कधी. तिच्यात मशीनचा आवाज सुरू झाला – मऊ, एका लयीत. सुजाता कॉटवर कुशीला वळली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली, महिन्याभरात पहिल्यांदा! मग मला थांबवेना. खिडकीतलं ऊन फिरत्या चाकावर पडत होतं. ते बघता बघता माझीही मान कलली असावी. झोपलो म्हणावं तर पाय चालू होता, जागा म्हणावं तर मधलं काही आठवत नाही. आठवतो फक्त खोबरेल तेलाचा वास, आई डोक्याला चोपडायची तसा… आणि घरात तर मशीन ऑइलचा डबा उघडा होता.

लाइट आली, लूम धडाधड सुरू झाले, तसा भानावर आलो. कागद उचलला आणि त्यातला एक तुकडा पोस्टाच्या तिकिटासारखा अलगद सुटून मांडीवर पडला. झबलं होतं. गोल गळा, नीट वळलेली उजवी बाही. डावी बाहीच नाही. ती बाजू गळ्यापासून खालपर्यंत उघडी, आणि कडेला बंद लावायच्या तीन खुणा.

मला उशीचा अभ्रासुद्धा शिवता येत नाही. पण त्या क्षणी ते डोक्यातही आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की बाळ जन्मायच्या आधी घरात झबलं निघालं, आणि त्याला एक हात नाही! जाळून टाकावं म्हणून काडीही ओढली. तेवढ्यात सुजाता झोपेत हसली आणि का कोण जाणे, मी काडी विझवली. कागद मशीनच्या खणात कोंबला. कोणाला बोललो नाही. पुढचे तीन आठवडे रोज रात्री उठून तो खण नीट बंद आहे ना, ते बघत होतो.

दवाखान्यात सुजाताला मुलगी झाली. मी आधी तिचे हात बघितले. दोन्ही होते. पण बाळ चांगलंच मोठं, बाहेर येताना खांदा अडकून डावीकडचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका, होतं असं कधीकधी, आपोआप जुळेल. फक्त डावा हात बाहीत घालू नका. छातीशी दुमडलेला राहू दे, कपडा वरून येऊ दे."

बायको आईचं लुगडं हातात धरून उभी होती. म्हणाली, "अहो, आता असं झबलं मी कसं बेतू?"

मी रिक्षा पकडली, घरी जाऊन खण उघडला आणि कागद आणून तिच्या हातात दिला. तिने गळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "हा सासूबाईंचा गळा आहे. एवढा खोल त्याच ठेवायच्या." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं आणि भर वऱ्हांड्यात रडलो.

झबलं त्याच मशीनवर शिवलं, या वेळी दोरा घालून. बाळाला बरोब्बर बसलं. हाड जुळलं. नात आता रांगत येऊन पायडलला लोंबकळते.

नंतर मी कितीतरी कॅलेंडरं फाडून बघितली. दुपारी बसलो, डोळे मिटून बसलो. भोकांच्या वेड्यावाकड्या रेघा निघतात, दुसरं काही नाही. कारण सापडलेलं नाही, आणि नीट बघितलं नाही असंही मला म्हणता येत नाही. त्या दुपारी आई आली होती का, मला खरंच माहीत नाही. पण आली असेल, तर मी तिचं काम तिच्या डोळ्यांदेखत जाळायला निघालो होतो.